गिऱ्हाईक दारातनंच का परततंय? मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी, म्हणजे वेबसाईटवर आलेला माणूस तिथं काय काय करतो ते दाखवणारं साधन, फुकट आहे, कामाची आहे, आणि ज्याच्या दुकानाची स्वतःची वेबसाईट आहे त्यानं ती बसवून घ्यावीच. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढं येईल.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीतलं. गल्ल्यावर सासरे, म्हणजे आमचे मामा. माल बहुतेक सुभाषनगरच्या कारागिरांकडनं. कुरिअर, जीएसटी, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी आणि वेबसाईट ही खाती माझी. साईट ज्यानं बनवून दिली तो माणूस ओळखीतलाच, त्यामुळं नाव घेत नाही. दिसायला झकास केली होती. उघडली की आधी अंबाबाईच्या मंदिराच्या शिखराचा व्हिडिओ, त्यावर ढोल, मग ‘आपले सहर्ष स्वागत’ अशी अक्षरं डावीकडनं सरकत यायची, आणि ती जागेवर बसेस्तोवर खालनं एक चौकट उगवायची: ‘आमच्या ऑफर मिळवण्यासाठी ई-मेल द्या’. पाहुण्यांना दाखवायला लई भारी. चप्पल मात्र कोण घेत नव्हतं.

माणसं येत नव्हती असं नाही. साईटवर किती माणसं आली ते मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सवर रोज दिसायची. यायची आणि जायची. बाउन्स रेट म्हणतात तो आकडा बघून माझं डोकं फिरायचं, पण तो नेमका काय मोजतो हे समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२३ पर्यंत जुनं ॲनालिटिक्स होतं. त्यात एखादा माणूस एकच पान बघून गेला की तो बाउन्स. मग त्यानं पाच मिनिटं बसून ते पान वाचलेलं का असेना. आताच्या ॲनालिटिक्स ४ मध्ये हिशेब बदलला. भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं बघितली, किंवा आपण महत्त्वाची म्हणून नेमून दिलेली एखादी गोष्ट त्यानं केली, तर ती भेट गुंतलेली. यातलं काहीच झालं नाही तर बाउन्स.

आता यातली गंमत बघा. गडहिंग्लजच्या एखाद्या माणसानं पान उघडलं, वर फोन नंबर दिसला, आठव्या सेकंदाला त्यावर बोट ठेवलं आणि मामांशी बोलून दोन जोड सांगितले, तरी ॲनालिटिक्सच्या लेखी तो पळून गेलेला. फोनच्या बटणाला आपण स्वतः महत्त्वाची घटना म्हणून नेमून दिलं तरच तो जमेत धरला जातो. ते आम्ही करून घेतलं. आकडा जरा सुधारला, पण धंदा तेवढाच राहिला. किती गेले हे कळत होतं. कुठनं, कशाला बघून गेले ते कळत नव्हतं.

तिथं क्लॅरिटी कामाला आली. ऑक्टोबर २०२० पासून मायक्रोसॉफ्टनं ती सगळ्यांसाठी खुली केलीय. पैसे नाहीत, आणि साईटवर किती माणसं येतात त्याची मर्यादाही नाही. खातं काढायचं, ते कोडचा एक छोटा तुकडा देतात, तो साईटच्या डोक्यात चिकटवायचा. आमच्या पोरानं चहा निवायच्या आत बसवला. पान उघडायचं काम अडवून ठेवत नाही, मागनं आपलं आपण लोड होतं.

मग रेकॉर्डिंगं दिसायला लागतात. साईटवर आलेल्या माणसाचं बोट कुठं टेकलं, पान किती खाली सरकवलं, कुठं थांबला, कुठनं परत गेला, हे सगळं व्हिडिओसारखं चालवून बघता येतं. माणूस कोण ते दिसत नाही. फोन आहे का कॉम्प्युटर, कुठला देश, अशी वरवरची माहिती. फॉर्ममध्ये टाइप केलेलं झाकलेलंच असतं, आणि एरवीही आकडे आणि ई-मेल पत्ते ती मुळातच लपवते. तरी आपण अशी नोंद ठेवतो हे साईटच्या प्रायव्हसीच्या पानावर लिहिणं आपलं काम आहे, आणि युरोपातली गिऱ्हाईकं असतील तर आधी संमती विचारणंही. कोण वाचतंय म्हणून सोडू नका.

शटर ओढल्यावर मी आणि मामा हे बघत बसायला लागलो. मामांना आधी पटेना. ‘दुसऱ्याच्या बोटाकडं काय बघायचं?’ पण त्यांचा सगळा जन्म गिऱ्हाइकाच्या पायाकडं बघण्यात गेलाय. दुकानात माणूस शिरला की ते तोंडाकडं नंतर बघतात, आधी पायातल्या चपलेची झीज कुठल्या बाजूला आहे ते बघतात. पहिलंच रेकॉर्डिंग बघून म्हणाले, ‘ह्यो घ्यायला आलाय. थांब, परत लाव.’

ते रेकॉर्डिंग मला अजून पाठ आहे. मोबाईलवरचं. माणूस गुगलवरनं थेट कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चपलेच्या पानावर आला. वरची जागा बराच वेळ पांढरी. फोटो येतोय, येतोय. त्यानं वाट न बघता खाली सरकवलं. तेवढ्यात वरचा फोटो आला आणि सगळं पान धाडकन खाली ढकललं गेलं. तो पुन्हा आपली जागा शोधत खाली. नंबरांची पट्टी सापडली: ६, ७, ८, ९, १०. आठावर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. मग एकापाठोपाठ एक तीन-चार वेळा, रागानं. याला क्लॅरिटी ‘रेज क्लिक’ म्हणते आणि वेगळी खूण करून ठेवते. आमच्या साईटवर ते आकडे नुसते लिहिलेले होते, बटणं नव्हतीच. निवडायची यादी त्याच्याही खाली, आणि तिच्यावर नेमका व्हॉट्सॲपचा हिरवा गोळा बसलेला. तो माणूस थोडा वेळ थांबला. वर गेला, चपलेच्या कानाच्या, म्हणजे बाजूच्या पाकळीच्या, फोटोवर बोट ठेवलं, मोठा होतोय का बघायला. फोटो मोठा होत नव्हता. मग ई-मेल मागणारी चौकट उगवली आणि तो गेला.

मामा म्हणाले, ‘त्येनं नंबर विचारला, माल हातात घिऊन बघायला मागितला, आनि आपुन त्येला ई-मेल मागतोय. जाईल न्हाईतर काय करंल?’

हे एक वाक्य ऐकायला मी पैसे देऊन सल्लागार लावला असता तरी चाललं असतं.

बाकीची रेकॉर्डिंगं बघितली तर बहुतेकांत हेच दोन-तीन प्रकार. बोट टेकवून काहीच होत नाही अशा ‘डेड क्लिक’ची वेगळी यादी मिळते; आमच्या यादीत पहिला नंबर कानाच्या आणि वेणीच्या फोटोंचा. म्हणजे लोकांना जवळनं बघायचं होतं. कोल्हापुरी घेणारा माणूस वेणी बघतो, टाचेची शिलाई बघतो, वाकवून बघतो. फोटो मोठा होत नसेल तर त्यानं काय बघायचं? ‘क्विक बॅक’ म्हणून आणखी एक खूण आहे: पान उघडलं आणि लगेच मागं फिरला. ती सगळ्यात जास्त आमच्या ‘आमच्याविषयी’ या पानावर. तिथं पणजोबांपासूनचा इतिहास होता, आणि बनवणाऱ्यानं तो जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधनं उचलून तसाच चिकटवला होता. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारी अक्षरं, नाही. आमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता म्हणून आम्हाला नीट दिसायचं. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर नुसतं कंसांचं आणि चिन्हांचं कडबोळं. मराठी साईटवर माणूस का थांबत नाही याचं हे एक कारण इंग्रजीतल्या कुठल्या सल्ल्यात सापडायचं नाही. आपली साईट अधनंमधनं दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

तसंच ओळींमधल्या अंतराचं. इंग्रजीसाठी केलेल्या थीममध्ये मराठी मजकूर ओतला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. वाचणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण डोळे थकतात आणि तो सोडून देतो. आम्ही अक्षर जरा मोठं केलं, ओळींत हवा सोडली, आणि सजावटीचा जड मराठी फॉन्ट काढून फोनमध्ये असतो तोच वापरला. फॉन्टची फाईल उतरून येईपर्यंत मजकूरच दिसत नसे, तेही बंद झालं.

वेगाचं म्हणाल तर गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं साधन आहे, तेही फुकट. साईटचा पत्ता टाकला की तीन मुख्य गोष्टी सांगतं. पानावरची सगळ्यात मोठी वस्तू, बहुतेकदा फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसावी. बोट टेकवल्यावर पानानं २०० मिलिसेकंदांच्या आत दाद द्यावी. ही कसोटी मार्च २०२४ मध्ये जुन्या एका कसोटीच्या जागी आली. आणि उघडताना पान हलतं किती, तो आकडा ०.१ च्या वर जाऊ नये. शंभरातल्या ७५ भेटींना तरी हे साधलं पाहिजे असा गुगलचा हिशेब. आमचं तिन्हींत नापास. फोटो कॅमेऱ्यातनं काढलेले तसेच्या तसे चढवलेले, एकेक कित्येक एमबीचा. ते वेबपी प्रकारात बारीक करून घेतले, प्रत्येकाची लांबी-रुंदी कोडमध्ये आधीच लिहून जागा राखून ठेवली, म्हणजे फोटो उशिरा आला तरी पान उडी मारत नाही. शिखराचा व्हिडिओ काढला. मामांना वाईट वाटलं, पण नवरात्रात महाद्वार रोडवर उभं राहून स्वतःच्या फोनवर साईट उघडून बघितली तेव्हा त्यांनीच सांगितलं, काढ म्हणून. लाखाची गर्दी, नेटवर्क मेलेलं, आणि आपण व्हिडिओ पाठवतोय. मोबाईलवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर निम्म्याहून जास्त, ५३ टक्के भेटी सोडून दिल्या जातात, असं गुगलनंच २०१६ मध्ये सांगितलं होतं. तेव्हापासून लोकांचा धीर वाढला असेल असं मला तरी वाटत नाही.

चौकट तर त्याच दिवशी उडवली. दुकानात शिरलेल्या माणसाला उंबऱ्यावर अडवून पत्ता विचारायची पद्धत कोल्हापुरात तरी नाही.

पण वेग आणि चौकटी ही हमालीची कामं झाली. खरा फरक पडला तो मामांनी पानाची मांडणी बदलल्यावर. हो, मामांनीच. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण गिऱ्हाईक काय आणि कुठल्या क्रमानं विचारतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते सांगत गेले, मी वहीत लिहीत गेले. पहिलं: केवढ्याला. दुसरं: अस्सल चामडं आहे का. तिसरं: माझ्या नंबरात आहे का. चौथं: लागंल का पायाला. इतिहास कुणी विचारत नाही. विचारला तरी चप्पल पायात गेल्यावर, पैसे देता देता.

आमच्या पानावर हा क्रम बरोबर उलटा होता. क्लॅरिटीत हीटमॅप नावाचा एक नकाशा मिळतो. पानाच्या कुठल्या भागापर्यंत किती माणसं पोचली ते रंगांत दाखवतो, वर लालभडक आणि खाली निळा पडत जातो. आमची किंमत निळ्या पट्ट्यात होती! तिथवर पोचणारी माणसंच थोडी. आता फोनच्या पहिल्या पडद्यावर फोटो, त्याखाली किंमत, त्याखाली नंबरांची खरीखुरी बटणं, आणि एक ओळ: तळ म्हशीच्या चामड्याचा, वेणी बकऱ्याच्या, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, शिलाई चामड्याच्या वादीची, खिळा नाही. एवढंच. पूर्वी याच जागी ‘परंपरा आणि आधुनिकतेचा अनोखा संगम’ असं लिहिलेलं होतं. ते वाचून कुणी थांबल्याचं एकाही रेकॉर्डिंगमध्ये दिसलं नाही.

नंबराखाली पाय कागदावर ठेवून पेन्सिलनं कसा आखायचा त्याचे फोटो टाकले, मामांच्याच पायाचे. दोन नंबरांच्या मधे असाल तर लहान घ्या, चामडं वापरून सैल पडतं, हेही लिहिलं. आता माणसं त्या फोटोंवर येऊन थांबतात. रेकॉर्डिंगमध्ये बोट स्थिर होतं, बराच वेळ काहीच हालचाल नाही, आणि मग पान पुन्हा सुरू. मामा म्हणतात, कागद आणायला गेला असंल. असेलही.

पानाच्या शेवटी पूर्वी रस्ता संपायचा. आता कापशीच्या पानाखाली कुरुंदवाडी आणि बायकांच्या नाजूक पट्ट्याचे जोड दिसतात, आणि ‘दोन्हीत फरक काय’ असं एक छोटं पान जोडलंय. त्या पानावर लोक सगळ्यात जास्त वेळ काढतात. मला वाटलं होतं सवलतीच्या पानावर काढतील.

जून २०२५ चं मात्र वेगळं सांगितलं पाहिजे. प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव न घेतल्यावरनं इथं जो गदारोळ उठला, त्या आठवड्यांत आमच्या साईटवर माणसांची रीघ लागली. आणि बाउन्स रेटही जो वर गेला तो गेलाच. मी घाबरले, साईट बिघडली का म्हणून पोरगा क्लासमध्ये असताना त्याला फोन लावला. रेकॉर्डिंगं बघितली तर काही बिघडलं नव्हतं. माणसं बातमी वाचून येत होती, चप्पल कशी असते ते बघत होती, आणि समाधानानं जात होती. त्यांना घ्यायचीच नव्हती. अशा पाहुण्याला थांबवण्यासाठी सापळे लावण्यात काय अर्थ? त्यांच्यासाठी एकच पान केलं: जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन काय आहे, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, आणि अस्सल जोड कसा ओळखायचा. वाचून गेले तरी चालतील. त्यातले काही दिवाळीला परत आले. ते व्हॉट्सॲपवर स्वतःच सांगतात, ‘तेव्हा वाचलं होतं’ म्हणून.

आता एक गुण का कापला. रेकॉर्डिंगं साधारण ३० दिवसच राहतात; आवडतं म्हणून खूण केलेलं जास्त टिकतं, पण ती खूण आपण वेळेवर करायची. गेल्या गणपतीतली गर्दी आणि या गणपतीतली शेजारी ठेवून बघू म्हटलं तर हाती फारशी रेकॉर्डिंगं नसतात. त्याहून मोठं म्हणजे, माणूस गेला हे दाखवते, का गेला ते तुम्हीच ताडायचं. मामा शेजारी नसते तर मी अजूनही बटणांचे रंग बदलत बसले असते. आणि याचं व्यसन लागतं, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडं रात्री मालिका लागायच्या, त्या जागी आता ही रेकॉर्डिंगं. चार-पाच बघून ‘लोकांना निळा रंग आवडत नाही’ असले शोध लावू नका. तीच गोष्ट बऱ्याच जणांच्या बाबतीत दिसली तरच हात घाला.

आणखी एक मर्यादा आहे, पण तिला क्लॅरिटी काय करणार. कोल्हापुरात निम्मा धंदा शेवटी व्हॉट्सॲपवरच ठरतो, आणि माणूस हिरवा गोळा दाबून तिकडं गेला की रेकॉर्डिंग तिथंच संपतं. त्याच्यासाठी मी मामांची जुनी पद्धत उचललीय. गल्ल्याजवळ एक वही ठेवलीय. व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात, आणि तोच पुन्हा आला की त्याच्यापुढं एक रेघ. ज्याच्यापुढं रेघा जास्त, त्याचं उत्तर पानावर वर सरकतं. सध्या सगळ्यात लांब रांग ‘पावसात चालेल का’ या प्रश्नापुढं आहे. चालत नाही. मामांचा विरोध होता, कशाला आपल्याच तोंडानं सांगायचं म्हणून; तरी किमतीच्या खाली पहिल्याच ओळीत तसं लिहिलंय, आणि शेजारी पावसाळ्यात वापरायच्या रबरी तळाच्या जोडाची लिंक दिलीय.